सात मंडळ्यांना आलेली पत्रे

'मंडळी' हा मराठीतला मोठा प्रेमळ शब्द आहे. कीर्तनकार बुवा श्रोत्यांना मंडळी म्हणून हाक मारतात, लग्नात वराकडची मंडळी असतात, आणि जुन्या पिढीतले गृहस्थ तर पत्नीचा उल्लेखही 'आमची मंडळी' असा करीत. ख्रिस्ती माणसाच्या मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. उपासनेसाठी जमणारा समाज, ज्याला इंग्रजी शब्दाने आपण चर्च म्हणतो, तो मराठी बायबलात 'मंडळी' आहे. मूळ ग्रीक शब्द 'एक्क्लेसिया'. त्याचा त्या काळचा साधा अर्थ, गावात हाक घालून भरवलेली नागरिकांची सभा. म्हणजे इमारत नव्हे, शिखरावरचा क्रूस नव्हे, घंटाही नव्हे. जमलेली माणसे. भाषांतरकारांनी हा शब्द निवडला तेव्हा त्यांना आपल्या भाषेचे मर्म चांगले कळले होते, असे मला नेहमी वाटते.

अशा सात मंडळ्यांना लिहिलेली सात पत्रे बायबलच्या अगदी शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायांत आहेत. मी इतिहासाचा शिक्षक आहे, धर्मोपदेशक नाही. तेव्हा आज प्रवचन करण्याचा माझा विचार नाही. पण ही पत्रे कुठे गेली, ती वाचली कशी गेली आणि त्यांतले बोलणे कोणाला झोंबले, हे पाहिले तर आजच्या ख्रिस्ती माणसाला, आणि ख्रिस्ती नसलेल्या श्रोत्यालाही, विचार करण्याजोगे पुष्कळ सापडेल.

पत्रे लिहिणाऱ्याचे नाव योहान. एजियन समुद्रातल्या पात्म नावाच्या लहानशा खडकाळ बेटावर तो होता, आपल्या साक्षीमुळे तिथे आलो असे तो स्वतः सांगतो. बहुतेक अभ्यासक हा काळ इ. स. ९५ च्या सुमाराचा, रोमन बादशहा डोमिशियनच्या अमदानीतला मानतात. पत्रे गेली ती समोरच्या मुख्य भूमीवर, रोमन लोक ज्याला आशिया प्रांत म्हणत त्या, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया ही ती सात गावे. नकाशावर याच क्रमाने बोट फिरवा. इफिसच्या बंदरातून निघून किनाऱ्याने उत्तरेकडे पर्गमपर्यंत जायचे, तिथून आत वळून आग्नेयेला उतरत लावदिकीयाला पोचायचे. हा एक वळसा घेणारा रस्ता आहे. विल्यम रॅमझी या स्कॉटिश संशोधकाने १९०४ साली या पत्रांवर पुस्तक लिहिले तेव्हा हा मुद्दा ठासून मांडला. टपाल नेणारा माणूस या रस्त्याने पायी चालत गावोगाव उतरत गेला असणार.

पण त्याच्या पिशवीत सात वेगवेगळी पाकिटे नव्हती, गुंडाळी एकच होती. त्या काळी पुष्कळांना वाचता येत नसे, म्हणून एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. प्रकटीकरणाच्या आरंभीच वाचणारा आणि ऐकणारे अशा दोघांनाही धन्य म्हटले आहे. रेडिओवर बोलणाऱ्याला ही जागा आवडावी यात नवल नाही. आता विचार करा. इफिसात गुंडाळी उघडली की इफिसकरांना आधी आपले पत्र ऐकू येई, पण पाठोपाठ स्मुर्णाचेही, पर्गमचेही, पार लावदिकीयापर्यंत सगळ्यांचे. आणि लावदिकीयात गुंडाळी पोचली तेव्हा आपली पाळी येईपर्यंत त्यांना सहा गावांचे वाभाडे ऐकत बसावे लागले असेल. माणसाचा स्वभाव पाहता ते मजेने मान डोलावीत बसले असतील. प्रत्येक पत्रात ज्याला कान आहे त्याने ऐकावे अशी सूचना आहे, आणि ती सूचना एका मंडळीपुरती नाही. तिथे मंडळ्या असे अनेकवचन आहे. दुसऱ्याला आलेले पत्र तुलाही आहे, असा त्याचा सरळ अर्थ.

या पत्रांची दुसरी खुबी अशी, की बोल लावताना त्या त्या गावचीच वस्तू उचलली आहे. पोस्टमनला गाव ठाऊक असते, तसे लिहिणाऱ्याला प्रत्येक गाव ठाऊक होते.

सार्दीस घ्या. क्रीसस नावाच्या अतिश्रीमंत राजाची ही जुनी राजधानी. डोंगराच्या सुटलेल्या सुळक्यावर किल्ला, तीन बाजूंना तुटलेले कडे. इकडून कोण येणार, म्हणून त्या बाजूला पहारा नसे. इ. स. पूर्व सहाव्या शतकात इराणच्या सायरसचे शिपाई त्याच कड्याने चढले आणि किल्ला पडला. यातून गाव काही शिकले का? तिसऱ्या शतकात अँटायोकस राजाच्या माणसांनी पुन्हा तीच युक्ती केली आणि किल्ला पुन्हा पडला. मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. १६७० साली तानाजीचे मावळे कोंढाण्यावर चढले ते अशाच कड्याने. अशा गावातल्या मंडळीला योहान कळवतो, की तुमचे नाव जिवंत म्हणून गाजते आहे, पण तुम्ही मेलेले आहात. जागे व्हा, नाहीतर चोर येतो तसे येणे होईल आणि वेळ तुम्हाला कळणार नाही. सार्दीसच्या शेंबड्या पोरालाही यातली खोच कळली असेल.

इथे मला आमचे नागपूर आठवते. आम्हा नागपूरच्या ख्रिस्ती लोकांना पूर्वजांच्या गोष्टी सांगण्याची फार हौस. स्कॉटलंडचा स्टीफन हिस्लॉप १८४५ साली भोसल्यांच्या नागपुरात आला, शाळा काढली, दगडधोंडे आणि जीवाश्म गोळा करून या भागाच्या भूशास्त्राचा पाया घालण्यास हातभार लावला, गोंड लोकांची गाणी आणि चालीरीती टिपून ठेवल्या. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. त्याने जमवलेले गोंडांविषयीचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्याच्या नावाचे कॉलेज १८८३ मध्ये निघाले. हे सारे खरे आहे आणि अभिमानाचे आहे. पण हिस्लॉप परक्या देशातून येऊन इथल्या आदिवासींची भाषा ऐकत रानोमाळ हिंडला, आणि त्याचे नाव सांगणाऱ्या आमच्यातल्या किती जणांना आपल्या गल्लीच्या टोकाला कोण राहते हे ठाऊक असते? आमची नावे गाजलेली आहेत. कड्याच्या बाजूला पहारा आहे का, हा प्रश्न निराळा.

लावदिकीयाचे पत्र सर्वांत प्रसिद्ध आणि, माझ्या मते, सर्वांत चुकीचे समजले गेलेले. ऊनही नाही, थंडही नाही, कोमट आहेस, म्हणून तोंडातून टाकून देणार, असे त्यात बजावले आहे. यावर प्रवचन ऐकताना बहुतेकांची समजूत होते ती अशी, की ऊन म्हणजे उत्साही भक्त, थंड म्हणजे नास्तिक, आणि कोमट म्हणजे मधला. मग प्रश्न पडतो, की नास्तिकपणा बरा असे योहान का म्हणेल? उत्तर गावच्या पाण्यात आहे. लावदिकीयाच्या समोर, खोऱ्यापलीकडे हिएरापोलिस. तिथे गरम पाण्याचे झरे, लोक अंग शेकायला जात. आजही ते पांढरेशुभ्र चुन्याचे डोंगर पाहायला प्रवासी जातात. दुसऱ्या बाजूला कलस्सै हे गाव, तिथे डोंगरातले गार पाणी. लावदिकीयाला स्वतःचे पुरेसे पाणी नव्हते. ते दक्षिणेकडच्या झऱ्यांवरून नळांनी आणावे लागे, आणि त्या नळांत चुन्याचे थर साचलेले उत्खननात सापडले आहेत. अभ्यासकांचे म्हणणे असे, की तिथवर येईतो ते पाणी कोमट आणि मचूळ होत असे. म्हणजे ऊन पाण्याचा उपयोग आहे, गार पाण्याचाही आहे. हे पाणी ना शेकायला, ना तहान भागवायला.

नागपूरकराला हे चटकन समजेल. मे महिन्यात दारी पाहुणा आला तर आपण माठातले गार पाणी पुढे करतो, नाहीतर चहा टाकतो. गच्चीवरच्या टाकीतले पाणी पेल्यात घालून कोणी देत नाही. (वैद्य सकाळी कोमट पाणी प्या म्हणतात, ती गोष्ट वेगळी.) तेव्हा पत्रातला ठपका भक्तीच्या उष्णतेविषयी नसून उपयोगाविषयी आहे. शेजाऱ्याला तुमचा काही उपयोग आहे का, एवढेच विचारले आहे.

आणि हे विचारले कोणाला? सातांतल्या एका अतिशय सधन गावाला. लावदिकीया पेढ्यांचे गाव होते. सिसेरोने प्रवासात आपली हुंडी तिथेच वटवली होती. काळ्या मऊ लोकरीच्या कापडासाठी ते प्रसिद्ध, तिथे वैद्यकाची शाळा, आणि त्या भागातले डोळ्यांचे अंजन दूरवर जाई. इ. स. ६० मध्ये भूकंपाने गाव पडले तेव्हा रोमची मदत न घेता लोकांनी ते आपल्या पैशाने पुन्हा उभारले, असे टॅसिटस या इतिहासकाराने नमूद केले आहे. आम्हाला कोणाचे काही नको, ही त्या गावची ऐट. पत्र त्यांना दरिद्री, आंधळे आणि उघडे म्हणते, आणि सोने, पांढरी वस्त्रे व डोळ्यांत घालायचे अंजन विकत घ्या असा सल्ला देते. पेढी, कापडबाजार आणि अंजन, तिन्हींवर एकेक चापट. ज्या गोष्टीचा आपल्याला गर्व, तिथेच आपण उघडे पडलेले असतो. इतके नेमके दुखणे ओळखणारा वैद्य आपल्याला सहसा आवडत नाही.

पर्गम आणि थुवतीरा या दोन गावांचा प्रश्न थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याकडे फार वेगळ्या रूपात येतो. थुवतीरा कारागिरांचे गाव. प्रेषितांच्या कृत्यांत जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी जी लुदिया येते, ती इथलीच. प्रत्येक धंद्याचा संघ असे, संघाची पंगत देवळात बसे, आणि पंगतीला न जाणाऱ्याचा धंदा बसे. पर्गममध्ये तर बादशहाचेच देऊळ होते. तिथे प्रश्न प्रसादाचा दिसतो, पण आत सत्तेपुढे आणि फायद्यापुढे मान तुकवण्याचा आहे. मराठी ख्रिस्ती घरातल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी आईला विचारलेले असते, की शेजारच्या काकूंनी गणपतीचा प्रसाद दिला तर घ्यायचा का? पर्गमचे पत्र दाखवून नको म्हणणारे आमच्यात आहेत. माझी आई ती वाटी दोन्ही हातांनी घेत असे आणि नाताळात करंज्या घालून परत पाठवीत असे. काकूंच्या वाटीत बादशहा नव्हता, काकूच होत्या. उलट, नोकरीतल्या बढतीसाठी आम्ही कोणकोणत्या पंगतींना बसतो, याची चौकशी पर्गमच्या पत्राने केली तर आमची पंचाईत होईल.

स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोनच मंडळ्यांना बोल नाही. दोन्ही दुबळ्या. स्मुर्णाची माणसे गरीब होती, छळ सोसत होती. तिथला वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प पुढे दुसऱ्या शतकाच्या मध्याला जिवंत जाळला गेला. फिलदेल्फिया इ. स. १७ च्या भूकंपाने हादरलेले गाव. पुढेही धक्के येतच राहिले, आणि भिंती कोसळतील या भीतीने पुष्कळ लोक गावाबाहेर शेतांत राहत, असे स्ट्रॅबोने लिहून ठेवले आहे. त्यांना आश्वासन मिळते ते मंदिराचा खांब होण्याचे, ज्याला पुन्हा बाहेर पळावे लागणार नाही. लातूर आणि किल्लारीच्या लोकांनी १९९३ नंतर कित्येक रात्री उघड्यावर काढल्या. त्यांना या आश्वासनाचे मोल कोणा पंडितापेक्षा अधिक कळेल.

काही प्रवचनकार सांगतात, की ज्या गावांना दोष दिला ती नष्ट झाली आणि निर्दोष गावे टिकली. इफिस, सार्दीस, लावदिकीया आज अवशेष आहेत हे खरे. स्मुर्णा म्हणजे आजचे भरभराटीचे इझमीर शहर, हेही खरे. पण दोष दिलेली पर्गम आणि थुवतीरा ही गावेही बेर्गामा व आखिसार या नावांनी नांदत आहेत. इफिसचे बंदर गाळाने भरले म्हणून गाव ओसाडले. आणि त्या प्रदेशातला ग्रीक ख्रिस्ती समाज १९२२ ची स्मुर्णाची आग आणि १९२३ ची लोकसंख्येची अदलाबदल यांत गेला. त्यात निर्दोष मंडळ्यांचे वारसही गेले. देवाच्या न्यायाचे गणित इतके सोपे करून मांडू नये.

इफिसच्या पत्राकडे मी मुद्दाम शेवटी आलो, कारण ते आमच्या घराजवळून जाते. इफिसची मंडळी कष्टाळू होती, शिकवणुकीच्या बाबतीत काटेकोर होती, खोटे प्रेषित तिने पारखून बाहेर काढले होते. याबद्दल तिची स्तुती आहे. दोष एकच, की पहिली प्रीती सुटली. आणि धाक असा, की पश्चात्ताप झाला नाही तर तुमची समई तिच्या जागेवरून काढण्यात येईल. मराठी बायबलात इथे समई हाच शब्द आहे, आणि तो वाचला की देवघरातली पितळी समई डोळ्यांपुढे येते. समई काढली म्हणजे घर पडत नाही. भिंती असतात, कपाटात हिशेबाच्या वह्या असतात, कमिटीच्या सभाही भरत असतील. उजेड तेवढा नसतो.

काटेकोरपणातून प्रीती सुटते कशी, ते आमच्या मिशनच्या इतिहासात दिसते. महाराष्ट्रात अमेरिकन आले ते मुंबई आणि अहमदनगरकडे, स्कॉटिश पुण्यामुंबईला आणि नागपूरला, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, अकोल्याकडे अलायन्स मिशन. त्यांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले, भांडण टळावे म्हणून. हेतू चांगला होता. परिणाम असा, की एडिंबरोत आणि बोस्टनमध्ये कधी काळी झालेले वाद वऱ्हाडातल्या खेडुताला वारशाने मिळाले. बाप्तिस्मा बाळपणी की मोठेपणी, बिशप असावा की नसावा, यावरून सोयरिकी अडू लागल्या. हे जोडण्याचा प्रयत्न १९२९ पासून चालला होता. शेवटी २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आमच्याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेची संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. माझे वडील तेव्हा तरुण होते आणि त्या दिवशी मंडपात होते. अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, असे ते सांगत. सातवीही येणार होती. अमेरिकन परंपरेतली मोठी मेथडिस्ट मंडळी वाटाघाटींत होती, पण अखेरच्या टप्प्यात ती बाजूला राहिली. वडील त्यावर म्हणत, 'सात पत्रं वाचायची होती, सहाच वाचून झाली.'

पण वडिलांनी मला सांगितलेली दुसरी हकीकत मला अधिक छळते. माझे आजोबा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. त्यांच्या लहानपणी त्या गावच्या मंडळीत उपासनेला दोन सतरंज्या घालीत. एकीवर महार समाजातून आलेली कुटुंबे, दुसरीवर मांग समाजातून आलेली. दोन्हींचा बाप्तिस्मा एकाच विहिरीच्या पाण्याने झालेला. पाळक मधल्या पट्टीवर उभा राहून सांगे, की ख्रिस्तात भेद नाही, आणि दोन्ही सतरंज्या एका सुरात आमेन म्हणत. प्रभुभोजनाच्या वेळी प्याला आधी कोणत्या सतरंजीकडे न्यायचा यावरून एकदा उपासना अर्धवट मोडली. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना हेच दुखणे सांगितले आहे. प्रभुभोजनाला जमून श्रीमंत आधी पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा हे प्रभूचे भोजन नव्हेच, अशा अर्थाचे त्याचे शब्द कडक आहेत. करिंथचे पत्र त्या सतरंज्यांवर अनेकदा वाचले गेले असेल. पण ते करिंथला आलेले होते ना!

आमच्या मंडळ्यांना असे पत्र कोणी लिहिलेच नाही, असेही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनच्या चाकरीतून मोकळे होऊन साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सर्वच ख्रिस्तभक्तांना त्यांनी तिथे हाक दिली. लावदिकीयाच्या पत्राच्या शेवटी एक चित्र आहे. ख्रिस्त दाराशी उभा राहून दार ठोठावतो आहे. प्रत्येक ख्रिस्ती घरात ते भिंतीवर टांगलेले असते. पण ते पत्र मंडळीला आहे, म्हणजे मंडळी आत आहे आणि ज्याच्या नावाने ती जमली तो बाहेर. टिळकांना हे उमगले होते, असे मला वाटते. दरबार फार दिवस चालला नाही. १९१९ मध्ये टिळक वारले.

दुसरे पत्र बाहेरून आले. १९३८ च्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलले. धर्मांतराची घोषणा त्यांनी १९३५ साली येवल्यास केलेली होती, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात काय आशा असतील याची कल्पना करता येते. बाबासाहेबांनी येशूविषयी आदर दाखवला, पण दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे राहतो, हेही तोंडावर सांगितले. त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात हीच तक्रार विस्ताराने आहे. अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी त्याची जात सुटत नाही आणि चर्च त्याच्या हक्कांसाठी उभे राहत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी याच नागपुरात, लाखोंच्या समुदायासह, बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. दीक्षाभूमीपासून ऑल सेंट्स कॅथेड्रल काही फार लांब नाही. आम्ही त्या रस्त्याने जातो, येतो. आमच्या प्रवचनांतून मात्र त्या पत्राचा उल्लेख मी फारसा ऐकलेला नाही. पत्र दुसऱ्याच्या पत्त्यावर आले आहे, असेच आम्ही धरून चालतो. आणि हे म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. कॉलेजात आधुनिक महाराष्ट्र शिकवताना सोलापूरच्या त्या भाषणापाशी मी बरीच वर्षे एक वाक्य बोलून पुढे जात असे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या मंडळीच्या रविवारच्या प्रौढ वर्गात ही सात पत्रे घेण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी सात जणांना उभे करून सातही पत्रे ओळीने मोठ्याने वाचून घेतली. मग मी विचारले, की आपली मंडळी यांतली कोणती? एक निवृत्त रेल्वे गार्ड लगेच म्हणाले, 'फिलदेल्फिया. शक्ती थोडी पण वचन राखलं.' त्यांच्या मागोमाग पाचसहा जणांनी फिलदेल्फियाच सांगितली. एका तरुणाने स्मुर्णा म्हटले, कारण आम्ही गरीब. खजिनदारांनी त्यांच्याकडे पाहिले.

कोपऱ्यात एक वृद्ध सिस्टरबाई बसल्या होत्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांची सारी नोकरी झालेली. त्या म्हणाल्या, 'सर, मला विचाराल तर लावदिकीया.' कोणी तरी हसले. बाई म्हणाल्या, 'नाही, मी मस्करी करत नाही. रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीतली ती चार घरं तीन वर्षं येताहेत आपल्याकडे. शेवटच्या बाकावर बसतात. त्यांच्यातल्या एका तरी बाईचं नाव इथं कोणाला ठाऊक आहे का?' मला ठाऊक नव्हते. गार्डसाहेबांनाही नव्हते. ती माणसे त्या दिवशी वर्गाला नव्हती, वर्गाचे त्यांना कोणी कळवलेच नव्हते.

पुढच्या रविवारी सिस्टरबाई नेहमीच्या, तिसऱ्या ओळीतल्या जागी दिसल्या नाहीत. मी वळून पाहिले. त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, शेजारच्या पोरीला गीतपुस्तकातले पान काढून देत होत्या. त्या दिवशी वर्गात पाठ होता तो सार्दीसचा.